पक्याचा बॉम्ब आणि मेधाची फाईल

पक्याचं म्हणणं एकच होतं आणि पहिलं कटिंग यायच्या आत त्याने ते चारदा सांगून झालं होतं. हिटलरला नडणारा जर्मन म्हणजे कर्नल श्टाउफेनबर्ग. बॅगेत बॉम्ब, टेबलाखाली बॅग, धडाम. बाकीचे सगळे युद्ध संपल्यावर पुस्तकं लिहून हिरो झालेले.

"आणि हा तुमचा फ्रेंकेल," पक्या म्हणाला, "हा तर कोर्टात जायचा म्हणे. नाझींच्या कोर्टात! मिलॉर्ड मिलॉर्ड करायला!"

हे सगळं जोश्याने आदल्या रात्री ग्रुपवर टाकलेल्या पीडीएफमुळे. जोश्याचा मुलगा बर्लिनला शिकतो हे आता आमच्या एरियातल्या कुत्र्यांनाही पाठ झालंय, तर त्या पोराने एर्न्स्ट फ्रेंकेल नावाच्या नाझी काळातल्या जर्मन ज्यू वकिलावर पेपर लिहिलाय आणि बापाने तो स्वतः न वाचता फॉरवर्ड केला, खाली दोन जोडलेले हात. वाचला फक्त मेधाने. मेधा कल्याण कोर्टात प्रॅक्टिस करते, भाडेकरू, चेक बाउन्स, भावाभावातल्या वाटण्या, आणि रविवारी सकाळी कट्ट्यावर येते ती आठवडाभर जजसमोर जे बोलता येत नाही ते आमच्यावर काढायला.

"पक्या, १९३३ ला तुझा श्टाउफेनबर्ग कुठे होता?"

"कुठे म्हणजे?"

"सैन्यात होता. हिटलर आला तेव्हा खूष होता. पोलंडच्या मोहिमेत होता आणि तिथून बायकोला जे पत्र लिहिलं त्यात तिथल्या लोकांबद्दल काय घाण लिहिलीये ते वाच एकदा. बॉम्ब ठेवला २० जुलै १९४४ ला. शूर माणूस, जीव गेला त्याचा, मी कुठे नाही म्हणते. पण साहेबांना जाग यायला अर्धा युरोप जळावा लागला. फ्रेंकेल पहिल्या दिवसापासून विरोधात होता."

"पहिल्या दिवसापासून विरोधात आणि कोर्टात?"

"हो. दोन्ही."

इथे कॉम्रेडने घसा खाकरला. कॉम्रेड म्हणजे आमचा दिलीप, ज्या कंपनीच्या युनियनमध्ये होता ती कंपनी बंद पडून तिथे टॉवर उभे राहिले, तरी हा अजून त्याच गेटवर उभा असल्यासारखा बोलतो. तो म्हणाला, बॉम्बचंच बोलायचं असेल तर गेओर्ग एल्झरचं बोला. सुतार. कुठला कर्नल नाही, काउंट नाही. १९३९ साली म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये रात्र रात्र लपून बसून एकट्याने खांब कोरला, त्यात टाइम बॉम्ब ठेवला, आणि ८ नोव्हेंबरला हिटलर भाषण आटोपून तेरा मिनिटं आधी निघून गेला. "तेरा मिनिटं! पण त्याच्यावर पिक्चर काढायचा तर हिरोच्या अंगावर युनिफॉर्म नको का? त्यामुळे पक्याला तो माहीतच नाही."

पक्याला खरंच माहीत नव्हतं. त्यामुळे तो जोरात म्हणाला, "माहितीये मला!"

असो. मेधाने फाईल उघडली. म्हणजे अक्षरशः, तिने पीडीएफची प्रिंट काढून पिवळ्या कोर्ट-फाईलमध्ये लावून आणली होती, वर टॅग बांधलेला, आणि ती मांडीवर ठेवून बोट ओलं करून पानं उलटायला लागली की आम्हाला आपोआप आरोपी झाल्यासारखं वाटतं.

फ्रेंकेल कोलोनचा, ज्यू घरातला, जन्म डिसेंबर १८९८. आईबाप लहानपणीच गेले, मामाकडे फ्रँकफर्टला वाढला. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने खंदकात होता. मग कायदा शिकला, तोही कोणाकडे तर हुगो झिंत्सहायमरकडे, जर्मन कामगार कायद्याचा बाप म्हणतात त्याला (कॉम्रेडने इथे मान डोलावली, जणू त्याचे वर्गमित्र). १९२१ ला सोशल डेमोक्रॅट पार्टीत. १९२७ पासून बर्लिनला वकिली, मेटल कामगारांच्या युनियनचा वकील, आणि पार्टनर कोण तर फ्रान्झ नॉयमान. दोघांचं ऑफिस युनियनच्याच बिल्डिंगमध्ये. २ मे १९३३ ला नाझींनी देशभर युनियनची ऑफिसं ताब्यात घेतली. नॉयमान त्याच महिन्यात लंडनला निसटला.

"शहाणा," जोश्या म्हणाला.

"शहाणाच. आणि हा राहिला."

राहिला कसा ही गंमत आहे. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू वकिलांच्या सनदा काढून घ्यायला सुरुवात झाली, पण त्यात एक सवलत ठेवावी लागली, जो पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलाय त्याची सनद राहील. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग म्हातारा फील्डमार्शल, तो अडून बसला होता की माझ्या शिपायांना हात लावायचा नाही. नाझींना वाटलं होतं असे किती निघणार, ज्यू आणि लढणार? त्यांच्याच प्रचारावर त्यांचाच विश्वास. आणि निघाले त्यांना वाटलं त्यापेक्षा कितीतरी जास्त! त्यातला एक फ्रेंकेल. म्हणजे ज्या देशासाठी ह्याने गोळ्या झेलल्या तो देश ह्याला हाकलायला निघाला होता, आणि गोळ्या झेलल्या होत्या म्हणून पुढची पाच वर्षं ह्याला त्याच देशाच्या कोर्टात त्याच देशाच्या विरुद्ध उभं राहता आलं.

"पण मग तेच तर!" पक्या उसळला. "कोर्टात उभं राहिलास म्हणजे तू ते कोर्ट मान्य केलंस. त्यांचा जज, त्यांचा कायदा, तू त्यात वकील, म्हणजे तू त्यांच्या नाटकातलं एक पात्र झालास. मी असतो तर काळा कोट फाडून फेकला असता."

मेधाने शांतपणे विचारलं, "आणि क्लायंटला काय सांगितलं असतंस?"

"काय सांगणार, लढ म्हणालो असतो."

"तो आत आहे पक्या. त्याला लढ म्हणायला भेटायला पण वकीलपत्रच लागतं."

मला वाटतं विषय खरं म्हणजे इथेच संपला होता. पण कट्ट्यावर मुद्दा संपला म्हणून चर्चा संपली असं आजवर कधी झालेलं नाही, आणि दुसरं कटिंग यायचं होतं.

पुढे मेधाने जे सांगितलं त्याने मात्र सगळे थोडा वेळ गप्प बसले, पक्यासुद्धा, अर्थात त्याच्या तोंडात खारी होती. त्या काळात कोर्टातून निर्दोष सुटणं हा वाचण्याचा मार्ग नव्हता. माणूस सुटला की गेटवर गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, उभे. 'संरक्षणात्मक ताबा' असं गोंडस नाव, आणि सरळ छळछावणी, त्याच्यावर अपील नाही, तारीख नाही, काही नाही. म्हणजे राजकीय आरोपीच्या वकिलाला असा हिशोब करावा लागायचा की बाबा दोन वर्षं साध्या तुरुंगात गेलास तर निदान रजिस्टरमध्ये नाव राहील, सुटलास तर गेलास. "मार्टिन नीमोलर," मेधा म्हणाली, "तुम्ही सगळे दर दोन महिन्यांनी ज्याच्या त्या ओळी फॉरवर्ड करता, आधी ते ह्यांच्यासाठी आले मग त्यांच्यासाठी आले, तो पाद्री. मार्च १९३८ ला कोर्टाने त्याला सात महिन्यांची शिक्षा दिली, ती कच्च्या कैदेतच भोगून झाली होती, म्हणजे तो सुटला. कोर्टातून घरी गेलाच नाही. झाक्सनहाउझेनची छळछावणी, मग दाखाउची, १९४५ पर्यंत. आता सांग, त्या कोर्टाचा निकाल खरा होता की खोटा?"

जोश्या म्हणाला खोटा.

"नाही, खरा होता. तीच तर गोची. निकाल खरा, जज खरा, कायद्याचं पुस्तक खरं. आणि बाहेर गाडी पण खरी. हे दोन्ही एकाच वेळी एकाच रस्त्यावर चालू होतं आणि ते कसं चालतं हे फ्रेंकेल सोडून आत बसून कोणी लिहिलं नाही."

फ्रेंकेलच्या पुस्तकाचं नाव दुहेरी राज्य, डॉपेलश्टाट. त्याचं म्हणणं असं की नाझी जर्मनीत दोन राज्यं होती. एक नियमांचं, जिथे घरभाडं, करार, व्याज, कंपन्यांचे खटले सगळं जुन्या कायद्याने व्यवस्थित चालायचं, कारण कारखानदाराला उद्या आपला करार टिकेल की नाही हे कळायला लागतं. आणि दुसरं फर्मानाचं, ज्याला कसलाच कायदा नाही, वाटेल ते करील. आणि मुख्य म्हणजे कुठली भानगड कुठल्या राज्यात जाणार हे ठरवायचा हक्क दुसऱ्याकडे. पहिल्या राज्याला जेवढी जागा आहे ती दुसऱ्याने ठेवलीये तोपर्यंतच.

पक्या म्हणाला कळलं नाही, सोपं करून सांग.

"तुला तर कळायलाच पाहिजे," मेधा म्हणाली. "तू सेक्रेटरी असताना आपल्या सोसायटीत बायलॉज होते की नाही? होते. मिनिट्स लिहिले जायचे? जायचे. पार्किंगचे नियम, डोंबाऱ्यासारखी दोरी बांधून आखलेल्या रेषा, सगळं होतं. आणि गच्चीवरच्या टाकीची चावी कोणाच्या खिशात होती?"

जे हसू फुटलं ते आवरायला वेळ लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या वर्षी बी विंगचं पाणी नेमकं निवडणुकीच्या आधी तीन दिवस गेलं होतं, आणि बी विंग पक्याच्या विरोधात होती, आणि पक्या आजही म्हणतो व्हॉल्व्ह खराब होता.

"व्हॉल्व्ह खराबच होता!"

"प्लंबरचं बिल दाखव."

"अरे त्याला आता किती वर्षं झाली!"

मी स्वतः बी विंगला राहतो त्यामुळे ह्या प्रकरणी माझं मत तटस्थ नाही, पुढे जाऊ.

तर ते पुस्तक लिहिलं कसं. फ्रेंकेलकडे कुठली गुप्त कागदपत्रं नव्हती. छापून येणारे निकाल, कायद्याची मासिकं, आणि स्वतःची प्रॅक्टिस. मेधाला ह्याचंच सगळ्यात जास्त कौतुक. म्हणाली, नाझींनी स्वतःच्या हाताने सगळं छापून ठेवलं होतं, फक्त कोणीतरी सलग वाचायला हवं होतं. २७ फेब्रुवारी १९३३ ला राइखस्टाग, म्हणजे त्यांची संसद, जळलं, दुसऱ्या दिवशी आणीबाणीचं फर्मान निघालं, वायमार घटनेच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाहीतल्या घटनेच्या, ४८ व्या कलमाखाली. फर्मानात लिहिलंय काय, तर कम्युनिस्ट हिंसाचारापासून राज्याचं रक्षण. आता ह्याने निकाल जमवले तर दिसतं काय, की तेच कम्युनिस्टांचं फर्मान पुढे चर्चच्या संघटनांना लागतंय, कॅथलिक पोरांच्या मंडळांना लागतंय. आणि जजसाहेब शांतपणे लिहितायत की हे लोक कम्युनिस्ट नाहीत हे खरं, पण ह्यांच्यामुळे समाजात फूट पडते आणि फुटीचा फायदा कम्युनिस्टांना होतो, सबब फर्मान लागू. फ्रेंकेलने पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठोकून दिलंय की थर्ड राइखची, म्हणजे नाझी राज्याची, घटना म्हणजे हे २८ फेब्रुवारीचं फर्मान, दुसरी घटना शोधू नका.

"सबब," कॉम्रेड म्हणाला. "सबब फार डेंजर शब्द."

"त्याच देशात कार्ल श्मिटसारखा घटनातज्ज्ञ," मेधा म्हणाली, "१९३४ ला नाझींनी आपल्याच माणसांच्या कत्तली केल्या, तर हा बाबा लेख लिहितो की फ्युरर, म्हणजे हिटलरच, कायद्याचा रक्षक. विद्वान माणूस हां, आजही लोक त्याला वाचतात. फ्रेंकेल त्याला चांगला ओळखून होता, सबंध पुस्तकात त्याच्याशी भांडलाय."

मग विषय भलतीकडेच गेला, आणि तो जोश्याने नेला. पेपरात कुठेतरी होतं की फ्रेंकेल ज्या भूमिगत लोकांसाठी टोपणनावाने लिहायचा, त्यातला एक गट होता आयएसके. छोटा समाजवादी गट, पण शिस्त अशी की मांस नाही, दारू नाही, सिगारेट नाही. आणि ह्यांनी जर्मनीतल्या शहरांत शाकाहारी खाणावळी काढल्या होत्या! त्यांच्या नफ्यातून भूमिगत काम चालायचं आणि तिथेच निरोपानिरोपी.

जोश्याची छाती फुगली. जोश्या आयुष्यभर मासे खाणाऱ्यांच्यात बसून बटाटेवडा खात आलाय, त्याला पहिल्यांदा इतिहासाने साथ दिली.

"बघा! हिटलरच्या विरोधात शाकाहारी!"

"हिटलर स्वतः पण शाकाहारीच होता ना रे," पक्या म्हणाला, आणि त्या सकाळचा त्याचा हा एकमेव बिनतोड मुद्दा.

पण आयएसकेवाल्यांचे किस्से खरंच भारी आहेत. एक सुटकेस होती त्यांच्याकडे, तळाला रबरी शिक्का बसवलेला. बाई सुटकेस घेऊन चाललीये, दमली, फुटपाथवर टेकवली, उचलली, पुढे गेली. मागे फुटपाथवर घोषणा छापलेली. आणि मे १९३५ ला हिटलर फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट ऑटोबानचं उद्घाटन करायला येणार, तर आदल्या रात्री ह्यांनी पुलांवर आणि रस्त्यावर रंगवून ठेवलं, हिटलर म्हणजे युद्ध, हिटलर मुर्दाबाद. सकाळी धावपळ, पुलांवर झेंडे टांगून अक्षरं झाकली, रस्त्यावर वाळू टाकली. सिनेमाची न्यूजरील करताना तुकडे कापावे लागले म्हणे.

"हे मला आवडलं," पक्या म्हणाला. "ह्यात ॲक्शन आहे."

"ॲक्शन आहे. आणि ह्यातले लोक पकडले गेले की त्यांना वकील लागायचा," मेधा म्हणाली. मी हे वाक्य लिहून ठेवलं.

कॉम्रेडला मात्र हे सगळं फार गुळगुळीत वाटत होतं. त्याचा राग वेगळाच, जुना, आणि तो फ्रेंकेलच्या पुढच्या आयुष्यावर. त्यामुळे ते आधी सांगायला हवं. २० सप्टेंबर १९३८ ला फ्रेंकेल बायकोला घेऊन निघाला, अटक होणार अशी कुणकुण लागली होती. आणि २७ सप्टेंबरला फतवा आला, उरलेल्या सगळ्या ज्यू वकिलांच्या सनदा रद्द, लढलेला असो नसो. एक आठवडा! पुस्तकाचं हस्तलिखित ह्याच्या सामानात नव्हतं, ते फ्रेंच वकिलातीच्या बॅगेतून बाहेर गेलं, कारण ती बॅग कोणी उघडत नाही. मग अमेरिका. चाळिशी उलटलेला माणूस शिकागोला परत कायद्याच्या वर्गात बसला, पदवी घेतली, आणि १९४१ ला पुस्तक इंग्रजीत आलं. जर्मनमध्ये यायला १९७४ उजाडलं, आणि तेही इंग्रजीवरून उलटं जर्मन करून, कारण मूळ हस्तलिखित हरवलं असंच सगळे धरून चालले होते.

नॉयमान तोवर न्यूयॉर्कला. त्यानेही पुस्तक लिहिलं, बेहेमोथ, १९४२. आणि त्यात तो आपल्या जुन्या पार्टनरला म्हणतो की दुहेरी कसलं डोंबलाचं, हे मुळात राज्यच नाहीये, चार टोळ्या आहेत, पार्टी, लष्कर, नोकरशाही आणि बडे कारखानदार, कायदा नावाची चीज शिल्लकच नाही. एका टेबलावरचे दोघे, एक आत राहिलेला एक बाहेर गेलेला, आणि दोघांना दोन जर्मन्या दिसल्या. मला विचाराल तर नॉयमान जास्त भेदक लिहितो, पण पहाटे दार वाजलं तर मी फ्रेंकेलला फोन करीन.

"आणि युद्धानंतर?" जोश्या.

"कोरिया."

"कुठे?"

"कोरिया. १९४६ ते ५०, अमेरिकन सरकारचा कायदेशीर सल्लागार. सोलमध्ये."

जोश्याची बायको कोरियन सिरियल बघते ह्यावर इथे बराच वेळ गेला, त्यात काही सांगण्यासारखं नाही.

१९५१ ला तो बर्लिनला परत आला आणि पुढे प्रोफेसर झाला, फ्री युनिव्हर्सिटी, राज्यशास्त्र. पश्चिम जर्मनीत हा विषय नव्याने उभा करणाऱ्यांपैकी एक. त्याचा सिद्धांत बहुमतवादावर नाही, बहुविधतेवर. म्हणजे समाजात युनियन असणार, मालक असणार, चर्च असणार, पक्ष असणार, ह्यांची भांडणं होणार आणि ती झालीच पाहिजेत, फक्त थोडेफार नियम सगळ्यांना मान्य हवेत. सगळ्यांचं भलं कशात आहे हे आधीच एकाला माहितीये असं कोणी म्हणाला की सावध व्हायचं. मेधा म्हणाली, ज्याने एका आवाजाचा देश आतून बघितला त्याला भांडणाची किंमत कळणारच.

"हां, पण पोरांनी भांडण केलं तेव्हा?" कॉम्रेड फुटला. "१९६७! २ जूनला बर्लिनच्या पोलिसांनी बेनो ओह्नेसोर्गला गोळी घातली, निदर्शनात, ह्याच युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, निःशस्त्र. पोरं पेटली. आणि तुझा बहुविधतावाला काय म्हणतो? वर्ग बंद पाडतायत, प्रोफेसरांना बोलू देत नाहीत, मला जुन्या दिवसांची आठवण येते. जुने दिवस म्हणजे कुठले? नाझी विद्यार्थ्यांचे! ह्या पोरांना त्यांच्या रांगेत बसवलं! ही पोरं तर बापांना विचारत होती तुम्ही ३३ ते ४५ काय करत होतात."

हे खरं होतं आणि मेधाने लगेच उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला. मग म्हणाली, "बापांना विचारत होती ते बरोबरच. पण ह्यालाही तेच विचारणार? सगळ्या म्हाताऱ्यांना एकाच मापात? बाकीचे गप्प बसले होते तेव्हा हा फाईल घेऊन हिंडत होता. ह्याने एकदा बघितलंय विद्यार्थी प्रोफेसरला वर्गातून कसे काढतात, कोणाकोणाला काढतात. त्याची तुलना चुकीची होती असं मीही म्हणेन. पण भीती खोटी नव्हती."

"तुलना चुकीची होती एवढं मान्य केलंस, बास."

"लिहून घे. तुझ्या आयुष्यात युनियनने जिंकलेला पहिला मुद्दा."

"आणि गोळी घालणारा पोलीस," जोश्या मध्येच म्हणाला, त्याने बहुतेक मोबाईलवर शोधलं असणार, "तो पूर्व जर्मनीचा खबऱ्या निघाला म्हणे, २००९ ला कळलं. म्हणजे तुमच्याच बाजूचा की रे दिलप्या."

कॉम्रेड पाच मिनिटं बोलला नाही. मग म्हणाला चहात साखर कमी आहे.

जोश्याने तेवढ्यात मुलाने पाठवलेला एक फोटो दाखवला. इहनेश्ट्रासे २२, दाह्लेम, आज त्याच राज्यशास्त्राच्या इन्स्टिट्यूटकडे असलेली बिल्डिंग. दारावर पाटी आहे. युद्ध संपेपर्यंत तिथे कैसर विल्हेल्मची मानववंश संस्था होती, ऑयगेन फिशरची, वंशशास्त्राचा अड्डा, पुढे आउश्वित्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले तिथे माणसांचे अवयव पाठवायचा. आणि त्याच इमारतीत १९२८ ते ३० च्या दरम्यान आपल्या इरावती कर्वे पीएचडी करत होत्या. फिशरच त्यांचा गाईड. त्याला कवट्यांच्या मापात वंशावंशाचा फरक हवा होता, बाईंनी मापं घेतली आणि तसा फरक दिसत नाही असं लिहून दिलं. गाईडला!

"हे तू ग्रुपवर का नाही टाकलंस?" मेधा खेकसली. "नुसते हात जोडतोस!"

"मला वाटलं कोण वाचणार."

मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात झकास हेच. पण पक्याला राहवेना. त्याचा शेवटचा बाण त्याने काढला, जो दर वर्षी जूनमध्ये निघतोच, ह्या वेळी जरा आधी निघाला. "एवढं कायदा कायदा करता, पण आणीबाणीत लोकल वेळेवर यायच्या! बाबा सांगायचे. आठ सतरा म्हणजे आठ सतरा!"

"आलं," मेधा म्हणाली. "अरे तेच सांगतेय मगापासून. लोकल वेळेवर येते, भाड्याच्या केसला तारीख मिळते, बँक उघडते, आणि म्हणून तुझ्या बाबांना वाटतं सगळं ठीक आहे. दिलीपच्या काकांना मिसाखाली, खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, येरवड्याला नेलं त्यांना विचार लोकल कशी होती. एप्रिल ७६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असं मागता येणार नाही. पाचात एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. बाकी चौघे पण शिकलेले होते."

कॉम्रेड म्हणाला, घटना समितीतच ह. वि. कामत ओरडून सांगत होते की ही आणीबाणीची कलमं वायमारची आठवण करून देतात. कोणी ऐकलं नाही.

"फ्रेंकेल कधी गेला?" मी विचारलं.

"२८ मार्च १९७५. बर्लिनलाच."

"म्हणजे आपली आणीबाणी बघायला तीन महिने कमी पडले."

"त्याला नवीन काय दिसलं असतं," मेधा म्हणाली आणि फाईलचा टॅग बांधायला लागली.

पक्या अजून हरायला तयार नव्हता. तो म्हणाला ठीक आहे, माणूस चांगला होता, पण फाईलने हिटलर पडला का? नाही पडला. रणगाड्यांनी पडला. मेधा म्हणाली बॉम्बनेही नाही पडला, टेबलाचा पाय आडवा आला. कॉम्रेड म्हणाला लाल सैन्याने पडला. जोश्या म्हणाला नॉर्मंडी. त्यावरून कॉम्रेड आणि जोश्यात जे लागलं ते स्टालिनग्राडपासून जोश्याच्या लग्नात कॉम्रेडला पंगतीत शेवटच्या रांगेत बसवलं होतं तिथपर्यंत गेलं, आणि जिलबी संपली होती की नव्हती ह्यावर दोन्ही बाजूंनी साक्षीदार उभे राहिले. मेधाने उलटतपासणी घेतली. जोश्या फुटला, म्हणाला जिलबी होती पण मामांनी आत ठेवायला सांगितली होती.

तेवढ्यात पक्याचा फोन वाजला, वहिनी, स्पीकर चुकून चालू. "अहो टाकीची चावी कुठे ठेवलीये? नवीन सेक्रेटरी दारात उभे आहेत, ते म्हणतात अजून तुमच्याचकडे एक आहे."

कॉम्रेड हसता हसता कट्ट्यावरून खालीच बसला. पक्या स्पीकर बंद करायला गेला तर कॉलच कट झाला, मग तो म्हणाला ती वेगळी चावी, मीटर रूमची, आणि कोणी काही विचारायच्या आत स्कूटर काढून निघाला. चहाचे पैसे त्याच्याकडे होते ह्या वेळी. जोश्या म्हणाला माझ्याकडे सुट्टे नाहीत, मेधा म्हणाली जीपे कर, जोश्या म्हणाला नेटवर्क नाही, आणि चहावाल्याने वहीत पुन्हा पक्याच्याच नावावर लिहिलं.